ओटो आणि बोरिंगचं पाणी : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार, इंदूर

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. खडी, दगड वगळून १३० लिटरच्या आसपास पाणी. दोन स्पंज फिल्टर, अनुबियस आणि जावा फर्न या पाणवनस्पती, लाकडाचा एक मोठा तुकडा. मासे: बारा गप्पी, चार मोली. मे महिन्यापासून चालू आहे.

गेले तीन आठवडे काचेवर आणि अनुबियसच्या पानांवर तपकिरी थर धरतो. बोटाने पुसला की निघतो, चार दिवसांत पुन्हा येतो. हे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. हा थर खाणारा छोटा कॅटफिश म्हणजे ओटोसिंक्लस. दुकानात नुसतं ‘ओटो’ म्हणतात. जेमतेम दीड इंचाचा, अंगावर कडेने काळी पट्टी, तोंड खालच्या बाजूला चकतीसारखं. आज पाच आणले.

दुकानदार आधी सकर मासा देत होता. ‘आंटीजी, सकर ले जाओ, सब साफ कर देगा.’ नाही घेतला. सकर आज दोन इंचाचा दिसतो, पण फूटभर होतो, त्याहूनही मोठा. मग लोक तो तलावात नेऊन सोडतात. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत या दक्षिण अमेरिकी माशाने तिथल्या मच्छीमारांना जेरीस आणलं आहे. आपल्याकडे सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आला. तिथे हे संकट आपल्या हाताने नेऊन टाकायचं नाही.

पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे सोडले. लगेच काचेला चिकटले. नात शाळेचा अभ्यास सोडून अर्धा तास टाकीसमोर बसली होती.

९ ऑक्टोबर

दोन मेले.

१४ ऑक्टोबर

शेवटचा आज सकाळी. पाचही गेले. गप्पी आणि मोली ठणठणीत. म्हणजे पाण्यात विष नव्हतं. मेलेल्या पाचांपैकी चारांची पोटं आत ओढलेली, जणू अंगठ्याने दाबलेली. मागे टाकलेला काकडीचा तुकडा कुणी तोंडही न लावता कुजला.

फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. आधी मोजा, मग करा, हे मुलांना रोज सांगितलं. घरी मात्र न मोजता पाच जीव आणले. नातीने विचारलं, ‘आजी, त्यांना आपलं पाणी आवडलं नाही का?’ याचं उत्तर मला नीट शोधायचं आहे, म्हणून ही वही.

२० ऑक्टोबर, रविवार

थेंब मोजायची किट आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर आणला. जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा. त्याच्या किटचं तत्त्व आपल्या ईडीटीए टायट्रेशनचंच. फक्त ब्युरेटऐवजी थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, पीएच सावरून धरणारं.

बोरिंग: टीडीएस ७८०, जीएच २४, केएच १५, पीएच ८.१.
नर्मदेचा (महापालिकेचा) नळ: टीडीएस २६०, जीएच ९, केएच ७, पीएच ७.९.
स्वयंपाकघरातला आरओ: टीडीएस ३५, जीएच १.
माशांची टाकी: टीडीएस ६१०, जीएच १९, केएच १२, पीएच ८.१, तापमान २७.

बोरिंगचे २४ अंश म्हणजे लिटरला सुमारे ४३० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. माळव्याच्या पठाराखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी त्यातल्या भेगांतून मुरत जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं. बादलीला, गिझरला धरणारा पांढरा थर तोच.

दुपारी दुकानात जाऊन त्याच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणलं: टीडीएस २१०. म्हणजे मी २१० मधला मासा वीस मिनिटांत ६१० मध्ये टाकला होता! गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून सतत पाणी शिरत असतं. मूत्रपिंड ते बाहेर फेकतं आणि क्षार धरून ठेवतं. या कामाचा वेग बाहेरच्या पाण्यातल्या क्षारांवर ठरतो आणि तो बदलायला शरीराला वेळ लागतो. भरल्या पोटाचा, दमदार मासा कदाचित तगला असता. हे उपाशी होते.

२७ ऑक्टोबर

एका परिचितांचा सल्ला: ‘पीएच कमी करायचं औषध घाला, पाणी मऊ होईल.’ टाकीत घालायची हिंमत नव्हती. बादलीत १५ लिटर बोरिंगचं पाणी घेऊन त्यात घातलं. म्हणजे ॲसिडच ते.

काल संध्याकाळी घातल्यावर पीएच ६.६. आज सकाळी ७.८. केएच १५ वरून ९ वर आलेला, जीएच जागच्या जागी २४, टीडीएस तसूभरही कमी नाही. कारण सरळ आहे. ॲसिड बायकार्बोनेटशी भिडलं, कार्बन डायऑक्साइड झाला, त्याने पीएच तात्पुरता खाली ओढला, आणि रात्रीतून तो वायू उडून जाताच पीएच वर आला. कॅल्शियम, मॅग्नेशियम कुठे जाणार? ती पाण्यातच.

हेच टाकीत दर आठवड्याला केलं असतं तर माशांनी ६.६ आणि ७.८ च्या मध्ये हेलकावे खाल्ले असते. पीएचमधल्या एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. बाटली कपाटात, नातीच्या हाताला लागणार नाही अशी.

देशी बदामाची पानंही दुसऱ्या बादलीत घालून पाहिली. पाणी चहासारखं सुंदर झालं, पीएच ८.१ चा ८.०. इतक्या जड पाण्यापुढे पानांचं काय चालणार.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे पाहुणे गेले आणि निवांतपणे आठवडाभर रोज सकाळी सात वाजता घरच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजला. सोमवार ३४०. मंगळवार ७१०. बुधवार ३६०. गुरुवार ७४०. शुक्रवार ३३०. शनिवार ७२०. आज ३५०.

हा आकडा पाहून वही खाली ठेवली आणि थेट पंपवाल्या भैयाकडे गेले. नर्मदा आपल्याकडे एक दिवसाआड येते, पहाटे साडेपाचला. त्या दिवशी हौद नर्मदेने भरतो. नळ नसतो त्या दिवशी भैया बोरिंगचा पंप लावतो आणि तेही त्याच हौदात. वर टंकीत जातं ते या दोघांचं मिश्रण, रोज वेगळं. या इमारतीत अकरा वर्षं राहतेय आणि हे कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे माझ्या दर रविवारच्या पाणी बदलण्याचा अर्थ हा: एका रविवारी ३५० चं पाणी, पुढच्या रविवारी ७२० चं. मी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलायची. एका फटक्यात सत्तरपंच्याहत्तरचा चढ, पुढल्या आठवड्यात तेवढाच उतार. गप्पी, मोली हे सोसतात. मोली तर जड पाण्यातच खुलते. नदीतून पकडून आणलेला उपाशी ओटो कसा सोसणार?

त्यामुळे प्रश्नच बदलला. आतापर्यंत मी ‘जडपणा किती’ एवढंच विचारत होते. ‘जडपणा रोज तोच आहे का’ हे विचारायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

ठरवलेलं: तीन भाग नर्मदा, एक भाग बोरिंग. हिशेबाने टीडीएस ३९०, जीएच जवळजवळ १३. ओटोच्या मूळ नद्यांपेक्षा हे जडच आहे, पण पंधराच्या आतलं पाणी तो सवयीने मानतो, आणि मोलींनाही चालतं.

सगळं आरओचं पाणी का नाही, असं सुनेने विचारलं. आपला आरओ एक लिटर शुद्ध देताना जवळपास तीन लिटर मोरीत सोडतो. १९७८ पासून नर्मदा जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढून इंदुरात येते. ते पाणी माशांसाठी मोरीत सोडायला माझं मन धजत नाही. शिवाय निव्वळ आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, केएच शून्याजवळ, आणि मग पीएच कधी कोसळेल याचा नेम नाही.

व्यवस्था: नर्मदेचा नळ हौदात पडतो तिथूनच, पहाटे, २० लिटरचे दोन कॅन भरायचे. भैयाने परवानगी दिली. क्लोरिनसाठी हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि एक रात्र एअर पंप. दर बुधवारी आणि रविवारी २० लिटर, तेही आधी नुसती नर्मदा, टाकी ३९० वर येईपर्यंत. घाई नाही.

१७ नोव्हेंबर

गच्चीवर दोन पसरट टबांत नदीचे गोटे ठेवले, वर चार बोटं पाणी, दिवसभर ऊन. आधी प्रत्येक गोट्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. तीन गोटे फसफसले. त्यात चुना आहे, ते पाणी आणखी जड करतील. बाजूला काढले. फसफसणारा गोटा शोधण्याचं काम नातीने हाती घेतलं आहे आणि ती ते माझ्याहून बारकाईने करते.

शेवाळ मारायचा इतका आटापिटा, आणि आता मुद्दाम पिकवतेय. पण ओटोचं अन्न तेच. दगडावरचा तो बुळबुळीत पापुद्रा, त्यातले डायटम, जिवाणू, कोवळं हिरवं शेवाळ. आमच्या टाकीच्या काचेवरचा थर पाच माशांनी दोन दिवसांत संपवला असणार. नंतर काय खातील याचा विचार मी केलाच नव्हता.

१ डिसेंबर, रविवार

सहावं पाणी बदललं. टाकी: टीडीएस ३९५, जीएच १३, केएच ९, पीएच ७.९. हिशेब आणि मीटर जुळले. जुना आनंद झाला, टायट्रेशनचे तीन आकडे सारखे आल्यावर व्हायचा तसा.

दुकानात नवे ओटो मंगळवारी आलेत. दुकानदाराला पैसे देऊन सांगितलं, आठवडाभर इथेच ठेवा. रोज गच्चीवरचा एक गोटा नेऊन देणार. तो हसला, पण कबूल झाला. हे मासे पाळीव पैदाशीचे क्वचितच असतात. पेरू, कोलंबियाकडच्या नद्यांतून पकडून, पिशव्या बदलत बदलत इथवर येतात आणि त्या प्रवासात पोटाला पुरेसं मिळत नाही. नवा माल आल्याच्या दिवशी ओटो कधीही घेऊ नये.

८ डिसेंबर, रविवार

सात आणले. सहा गोल पोटाचे. सातव्याचं पोट बसलेलं होतं, घ्यायचा नाही असं ठरवून गेले होते. पण सगळे एका कोपऱ्यात आणि तो एकटाच दुसऱ्या काचेवर. घेतला.

दुकान ते घर चाळीस मिनिटं. पिशवीतलं पाणी २०५. मासे त्या पाण्यासकट बादलीत ओतले आणि एअरच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने त्यात सोडलं, सेकंदाला दोन थेंब, नंतर तीन. तीन तास. दर अर्ध्या तासाने मोजलं: २०५, २३५, २६०, २९०, ३१५, ३४०, ३६०.

हे फक्त जवळून आणलेल्या माशांना. दोन दिवस पिशवीत बंद राहिलेल्या माशांना असं तासन्‌तास थेंबावर ठेवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली, वरून आपलं जड पाणी पडलं, की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. जड पाण्यात मासे पाळणाऱ्याने जीएचपेक्षा याची धास्ती बाळगावी. फिल्टर जुना, मुरलेला, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू वाढलेला हवाच, आणि खायला घातलेलं उरलं तर ते बाहेर काढायलाच हवं.

मासे मोठ्या टाकीत नाही, ४० लिटरच्या वेगळ्या टबात. मुरलेला एक स्पंज तिथे हलवला, गच्चीवरचे सहा गोटे ठेवले. औषध नाही, मीठ तर नाहीच. या कुळातल्या माशांना मीठ आणि तांबं दोन्ही सोसत नाहीत.

१२ डिसेंबर

सातवा गेला. रात्री दगडावर होता, तोंड हलत होतं, पण पोट भरलं नाही. फार दिवस उपाशी राहिल्यावर मासा इतका खचतो की मग समोर ताट असून उपयोग नसतो. दुकानातच ठेवला असता तरी वाचला नसता, हे कळतं. तरी नातीला सांगताना घशाशी आलं.

सहा ठीक.

१५ डिसेंबर

पोट बघायची रीत सापडली: रात्री दिवे घालवून, खालून तिरकी बॅटरी. मासा काचेला चिकटलेला असला की पोट स्वच्छ दिसतं. भरलेलं पोट पांढरट, वाटाण्यासारखं. सहाही भरलेले. काळी, लांब दोऱ्यासारखी विष्ठा टबाच्या तळाशी भरपूर. याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

मोठ्या टाकीत सोडले. दोन्हीकडचं पाणी एकच, ३९० आणि ३९५, त्यामुळे थेंबाथेंबाचा खटाटोप नाही.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

पहाटे खोली १३ अंश, टाकी १९. हीटर चालू नव्हता. रात्री वीज गेली होती. दुपारपर्यंत हळूहळू २२. सहाही आहेत.

यांतला एक मासा सारखा झपकन वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड मारून खाली येत होता. घाबरले. मग वाचलेलं आठवलं: ओटोला अन्ननलिका आणि जठराच्या सांध्यापाशी एक छोटी पिशवी असते, तिथे तो हवा घेऊ शकतो. क्वचित करत असेल तर काळजी नाही, पण सगळेच करू लागले तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. वीज गेल्यावर एअर पंप पण बंद होता! बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणला, साडेतीनशे रुपये. तिळगूळ वाटून आल्यावर जोडला.

९ फेब्रुवारी

काचेवरचं शेवाळ संपलं. अनुबियसची पानं धुतल्यासारखी. गेले काही आठवडे खरी परीक्षा चालू आहे, भाजी शिकवायची.

काकडी: आठ दिवस, कुणी ढुंकून पाहिलं नाही. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून: गप्पींनी फस्त केला. दुधी: एकाने चाखला. गिलकी (घोसाळं), सोलून, बोटभर जाड चकती दोन मिनिटं उकळून, स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवलेली: तिसऱ्या रात्री दोन, चौथ्या रात्री पाच. सकाळी चकतीला मधोमध जाळी. गिलकीची सर कशालाच नाही.

ओटोंना एकत्र खायची सवय असावी. एकटा मासा नवीन पदार्थाला तोंड लावत नाही, एकाने लावलं की बाकीचे येतात. सहाच्या खाली ठेवू नयेत ते यासाठीही.

रात्री नऊला टाकायची, सकाळी सातला काढायची. विसरायचं नाही.

काळं दाढीसारखं शेवाळ आणि काचेवरचे हिरवे कडक ठिपके हे मासे खात नाहीत. त्यासाठी त्यांना बोल लावू नये. ठिपके मी ब्लेडने खरवडते.

१९ मार्च, रंगपंचमी

गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला राजवाड्याला गर्दी. आम्ही दुपारी परतलो, अंगावरचा रंग काढायला इमारतीतल्या सगळ्यांनी एकदम पाणी वापरलं आणि हौद रिकामा. मी कॅन सोमवारीच भरून ठेवले होते. हाताचा रंग जाईपर्यंत टाकीत हात घालायचा नाही, हे नातीने स्वतःच सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार

बोरिंगचं पाणी खोल गेलं. टीडीएस ९४०. जुन्या तीनास एक हिशेबाने टीडीएस ४३० झालं असतं. आता चारास एक: ३९६. प्रमाण पाठ करून ठेवलं असतं तर चुकले असते. दर महिन्याला बोरिंग मोजायचं.

४ मे, रविवार

बाहेर ४२, टाकी ३१. ओटोला हे जास्त आहे. वरची काच काढून टेबलफॅनचा झोत पाण्यावर सोडला, २८ वर आलं. पण रोज दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. हा खड्डा नर्मदेच्या पाण्याने भरत गेले तर आठवड्याला दहा लिटर, २६० प्रमाणे २६०० मिलिग्रॅम क्षार, १३० लिटरमध्ये २० ची भर. महिन्याला ८०. म्हणून उडालेल्याची भरपाई आरओच्या पाण्याने आणि बदलायचं पाणी मिश्रणाने, हे दोन वेगळे हिशेब. एवढ्यापुरता आरओ मला मान्य आहे. त्याचं मोरीचं पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना.

१८ मे

दहा दिवस वडोदऱ्याला बहिणीकडे होते. नातीच्या अक्षरात वहीत नोंदी: ‘टीडीएस ३९८. फॅन लावला. आरओ २ लिटर. गिलकी दिली. सकाळी काढली. सहा मोजले.’ एका दिवशी: ‘पाच दिसले. सहावा लाकडाखाली. आई म्हणाली झोप, मी तो सापडल्यावर झोपले.’

२२ जून, रविवार

पाऊस सुरू झाला. बोरिंग ८६०, उतरतंय. पुढच्या महिन्यात प्रमाण पुन्हा बदलेल. गच्चीवरच्या टबात पावसाचं पाणी साचलं: टीडीएस १८. उडालेल्या पाण्याची भरपाई आता याने.

काल रात्री दोन ओटो काचेवर, एक दुसऱ्याच्या तोंडाशी आडवा वळलेला, काही सेकंद तसेच. आज सकाळी अनुबियसच्या पानाखाली तीन अंडी, मोहरीहून लहान, काचेसारखी. दुपारी बघितलं तर नव्हती. गप्पींनी खाल्ली असणार. टीडीएस ३९२, जीएच १३, तापमान २६. ४० लिटरचा टब धुवून ठेवला आहे, स्पंज त्यात आजच हलवला.